लाकडाच्या भांडणात तडजोड परवडते का?

ब्रिटिश कोलंबियातल्या एका छोट्या लाकूड कारखान्यात हिशेब सांभाळणाऱ्या एका मराठी गृहस्थांचा प्रश्न थोडक्यात असा आहे: 2006 साली कॅनडा एकामागून एक खटले जिंकत होता, तरी जवळजवळ 1 अब्ज अमेरिकन डॉलर सोडून देऊन त्याने अमेरिकेशी समझोता केला. त्यांचे मालक म्हणतात, थोडी कळ काढली असती तर सगळे पैसे परत मिळाले असते. आता 2025 च्या अखेरीस बहुतेक कॅनेडियन सॉफ्टवुडवर, म्हणजे पाइन, फर यांसारख्या मऊ लाकडावर, सगळं मिळून 45 टक्क्यांच्या आसपास अमेरिकन आयात शुल्काचं ओझं आहे. मग पुन्हा तडजोड करावी, की या वेळी शेवटपर्यंत लढावं?

उत्तर आधीच सांगतो. तडजोड परवडते, आणि 2006 ची तडजोडही परवडली. पण खटला जोरात चालू असताना केलेली तडजोडच परवडते. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे या व्यापारात खरं नाही. पायरी चढल्याशिवाय समोरचा बोलायलाच बसत नाही. आणि आज फक्त अमेरिकन लाकूड गिरण्यांच्या संघटनेशी किंवा फक्त अमेरिकेच्या वाणिज्य खात्याशी केलेली तडजोड पुरणार नाही, कारण ओझ्याचा एक भाग त्या दोघांच्याही हातात नाही. हे का, ते सविस्तर लिहितो. मी मुंबईत अँटी-डंपिंगच्या, म्हणजे देशातल्या भावापेक्षा किंवा खर्चापेक्षा स्वस्तात निर्यात केलेल्या मालावरच्या शुल्काच्या, प्रकरणांत निर्यातदारांचे हिशेब मांडत असे, आणि पुढे व्हँकुव्हरला येऊन लाकूड निर्यातदारांसाठी तेच काम केलं. त्यामुळे माझी बाजू निर्यातदाराची आहे, हे लक्षात ठेवून वाचा.

भांडणाचं मूळ जमिनीच्या मालकीत आहे. कॅनडातलं बहुतेक जंगल प्रांतांच्या सरकारांचं आहे. कंपनी ते विकत घेत नाही. तिला तोडीचा हक्क मिळतो आणि तोडलेल्या लाकडामागे ती सरकारला दर देते, त्याला स्टम्पेज म्हणतात. अमेरिकेत गिरण्यांना मिळणारं बहुतेक लाकूड खाजगी जमिनीवरून येतं आणि त्याचा भाव बाजारात किंवा लिलावात ठरतो. अमेरिकन गिरण्यांचं म्हणणं असं, की कॅनडातले प्रांत झाडं स्वस्तात देतात, म्हणजे हे दडवलेलं अनुदान आहे, आणि ओंडक्यांच्या निर्यातीवर बंधनं घालून तिथला भाव आणखी खाली ठेवला जातो. कॅनडाचं म्हणणं असं, की जंगलात रस्ते बांधणं, पुन्हा लागवड करणं हा खर्च कंपनीवर असतो, भूभाग अवघड असतो, आणि तो सगळा धरला तर दर कमी नाही. दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य आहे. म्हणूनच हे भांडण 1982 पासून मिटलेलं नाही. आपल्याकडे शेताच्या बांधावरून दोन घरांत पिढ्यानपिढ्या वाद चालतो, तसं हे आहे: मोजणी कितीही वेळा आणली तरी मोजणीचा आधार कुठला धरायचा, यावरच एकमत नसतं.

मोजणीचं उदाहरण देतो. ब्रिटिश कोलंबियाने किनारपट्टीवर 2004 मध्ये आणि आतल्या भागात 2006 मध्ये लिलावांवर आधारलेली दरपद्धत आणली. क्वेबेकनेही 2013 पासून सरकारी लाकडाचा एक हिस्सा लिलावात काढायला सुरुवात केली. दोन्ही सुधारणांमागे अमेरिकेचा आक्षेप दूर करण्याचा हेतू होताच. तरीही 2016 नंतरच्या प्रकरणात अमेरिकेच्या वाणिज्य खात्याने ब्रिटिश कोलंबियाच्या लाकडाची तुलना सीमेपलीकडच्या वॉशिंग्टन राज्यातल्या ओंडक्यांच्या भावाशी केली. तेव्हा ‘आपण आपली पद्धत सुधारली की वाद संपेल’ अशी आशा ज्यांना वाटते, त्यांना मी हा अनुभव सांगतो. सुधारणा स्वतःसाठी कराव्यात. समोरच्याचं समाधान होईल म्हणून केल्या तर निराशा पदरी पडते.

आता इतिहास, पण पटकन. 1982 च्या पहिल्या तक्रारीत वाणिज्य खात्याने 1983 मध्ये कॅनडाच्या बाजूने निर्णय दिला. 1986 मध्ये त्याच खात्याने प्राथमिक निर्णयात 15 टक्के अनुदान आहे असं ठरवलं, आणि अंतिम निर्णय येण्याआधी 30 डिसेंबर 1986 ला करार होऊन कॅनडाने स्वतःच 15 टक्के निर्यात कर लावला. 1991 मध्ये कॅनडा त्यातून बाहेर पडला, लगेच नवी चौकशी आली, 1992 मध्ये 6.51 टक्के ड्यूटी, म्हणजे आयात शुल्क, लागली. कॅनडा-अमेरिका मुक्त व्यापार कराराखालच्या द्विराष्ट्रीय पॅनेलांनी, म्हणजे दोन्ही देशांच्या तज्ज्ञांच्या लवादांनी, ती टिकू दिली नाही. 1994 मध्ये पॅनेलांच्या निकालांविरुद्ध दाद ऐकणाऱ्या वरच्या समितीत दोन विरुद्ध एक अशा मतांनी कॅनडा जिंकला, आणि अमेरिकेने ड्यूटी रद्द करून पैसे परत केले. संपूर्ण विजय म्हणावा असाच तो होता. आणि दोन वर्षांच्या आत, 1 एप्रिल 1996 पासून, कॅनडाने पाच वर्षांचा कोटा मान्य केला.

जिंकलेला पक्ष कोटा का मान्य करतो? मालकांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे आहे. अमेरिकन कायद्यात एक प्रकरण हरलं तरी स्थानिक उद्योगाला दुसऱ्या दिवशी नवी तक्रार करता येते. शिवाय कायदाच बदलून घेता येतो. 1994 चा विजय आला त्याच सुमारास नव्या जागतिक व्यापार कराराच्या अंमलबजावणीसाठी अमेरिकेचा कायदा बदलत होता, आणि कॅनडाने ज्या मुद्द्यांवर खटला जिंकला होता, तेच मुद्दे नव्या कायद्यात अमेरिकन उद्योगाला सोयीचे झाले. म्हणजे हातातला निकाल जुन्या मालापुरता उरला. पुढच्या मालाचं संरक्षण त्यात नव्हतं.

उरलेलं अर्धं उत्तर अमेरिकन ड्यूटीच्या पद्धतीत आहे. भारतात अँटी-डंपिंगचं काम पाहिलेल्या माणसाला ही पद्धत पचायला वेळ लागतो, म्हणून इथे जरा थांबतो. भारतात डीजीटीआर (वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार-उपाय महासंचालनालय) चौकशी करून शिफारस करतं, अर्थ मंत्रालय अधिसूचना काढतं, आणि साधारणपणे पाच वर्षांपर्यंत दर ठरलेला असतो. आयातदाराला आज किती भरायचं ते आज कळतं. अमेरिकेत आज भरतो ती फक्त अनामत. खरा दर पुढे वार्षिक फेरतपासणीत ठरतो, आणि तो मागच्या मालाला लागतो. माल विकला, पैसे वाटले, दोन दिवाळ्या होऊन गेल्या, की मग कळतं त्या मालावर किती देणं होतं.

हे किती जाचक होतं, ते 2016 नंतरच्या प्रकरणातल्या सहाव्या फेरतपासणीत दिसलं. ती 2023 सालच्या मालाची होती. 2023 मध्ये बहुतेक कंपन्या 8 टक्क्यांच्या आसपास अनामत भरत होत्या. 2025 च्या उन्हाळ्यात निर्णय आला: ज्या कंपन्यांचा वेगळा दर ठरत नाही त्यांच्यासाठी अँटी-डंपिंग 20.56 टक्के आणि काउंटरव्हेलिंग (अनुदानाविरुद्धचं शुल्क) 14.63 टक्के, म्हणजे मिळून 35 टक्क्यांच्या वर. फरक व्याजासकट अंगावर येतो, आणि पुढच्या मालाची अनामतही त्याच दराने सुरू होते. आता 2023 कसं वर्ष होतं, ते आठवा. 2021 च्या मे महिन्यात हजार बोर्ड फुटांचा (बोर्ड फूट हे कापलेलं लाकूड मोजण्याचं माप) भाव 1,600 डॉलरच्या पलीकडे गेला होता. 2023 पर्यंत तो इतका कोसळला, की अनेक गिरण्यांना खर्चही सुटत नव्हता. अँटी-डंपिंगच्या हिशेबात खर्चाखालची घरगुती विक्री बाजूला काढली जाते, त्यामुळे मंदीच्या वर्षात डंपिंगचा दर फुगतो. म्हणजे ज्या वर्षी गिरणीला सगळ्यात कमी मिळालं, त्या वर्षाची शिक्षा तिला सगळ्यात मोठी होते, आणि तीही दोन वर्षांनी, कदाचित दुसऱ्या मंदीच्या तोंडावर. कुठल्याही बँकेला असं देणं समजावून सांगणं कठीण. तडजोडीची किंमत ठरवताना मी ही अनिश्चितता पहिल्यांदा मोजतो. शुल्काची टक्केवारी त्यानंतर.

आता 2006. हे नीट सांगायला हवं, कारण मालकांचं म्हणणं पोकळ नाही.

1996 चा करार 31 मार्च 2001 ला संपला आणि 2 एप्रिलला अमेरिकन उद्योगाची तक्रार दाखल झाली. 2002 मध्ये काउंटरव्हेलिंग 18.79 आणि अँटी-डंपिंग सरासरी 8.43, मिळून 27 टक्क्यांवर ड्यूटी लागली. वर बर्ड दुरुस्ती म्हणून ओळखला जाणारा अमेरिकन कायदा होता: गोळा झालेली ड्यूटी थेट तक्रारदार कंपन्यांना वाटायची. तुमच्याकडून घेतलेले पैसे तुमच्याच प्रतिस्पर्ध्याला. जागतिक व्यापार संघटनेने तो कायदा 2003 मध्ये नियमबाह्य ठरवला, पण रद्द व्हायला आणखी काही वर्षं गेली.

कॅनडा नाफ्ताच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या मुक्त व्यापार कराराच्या, पॅनेलांपुढे गेला. कॅनडाच्या लाकडामुळे अमेरिकन उद्योगाला धोका आहे, हा निष्कर्ष पुराव्यावर टिकत नाही असं पॅनेलने सांगितलं, आणि 2004 मध्ये अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाला निष्कर्ष फिरवावा लागला. अमेरिकेने वरच्या समितीकडे दाद मागितली. 10 ऑगस्ट 2005 ला ती समिती एकमताने कॅनडाच्या बाजूने उभी राहिली. धोका नाही म्हणजे ड्यूटी नाही, आणि ड्यूटी नाही म्हणजे पैसे परत, असं कोणालाही वाटेल. अमेरिकेने पैसे दिले नाहीत. जागतिक व्यापार संघटनेतल्या निकालानंतर आपण धोक्याचा वेगळा निष्कर्ष काढला आहे आणि ड्यूटी त्यावर उभी आहे, अशी तिची भूमिका होती. पुढच्याच महिन्यात अमेरिकन गिरण्यांच्या संघटनेने द्विराष्ट्रीय पॅनेलांची व्यवस्थाच घटनाबाह्य आहे असा दावा अमेरिकेतल्या न्यायालयात दाखल केला.

हा दावा मला फार महत्त्वाचा वाटतो, आणि लोक तो विसरतात. तो यशस्वी झाला असता तर फक्त लाकडाचं प्रकरण गेलं नसतं. कॅनडाचा कुठलाही निर्यातदार ज्या व्यवस्थेच्या भरवशावर अमेरिकन ड्यूटीला आव्हान देतो, ती व्यवस्था गेली असती. त्या व्यवस्थेसाठी कॅनडाने 1987 च्या वाटाघाटी मोडण्यापर्यंत ताणल्या होत्या.

27 एप्रिल 2006 ला तडजोडीची चौकट जाहीर झाली, 12 सप्टेंबरला सह्या झाल्या, 12 ऑक्टोबरला करार लागू झाला. कॅनडाचे व्यापारमंत्री होते डेव्हिड इमर्सन, जे पूर्वी कॅनफोर या लाकूड कंपनीचे प्रमुख होते. 5 अब्ज डॉलरच्या वर अनामत अडकली होती, त्यातले 4 अब्जांच्या वर परत आले. 1 अब्ज अमेरिकेत राहिले, आणि त्यातले 50 कोटी थेट तक्रारदार उद्योगाला गेले. आणि 13 ऑक्टोबरला, करार लागू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी, अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार न्यायालयाने सांगितलं की कॅनडाच्या कंपन्यांना अनामत पूर्ण परत मिळायला हवी.

म्हणून मालकांचा राग मी समजू शकतो. एक दिवस. तरीही तडजोड परवडली असं मी म्हणतो, आणि त्याची कारणं पैशात मांडता येतात. त्या निकालावर अपील होणारच होतं, आणि अपिलात वर्ष-दोन वर्षं गेली असती. त्या वर्ष-दोन वर्षांत काय झालं? अमेरिकेत 2005 मध्ये 20 लाखांहून जास्त नव्या घरांचं बांधकाम सुरू झालं होतं. 2009 मध्ये ते साडेपाच लाखांच्या आसपास आलं. ज्या गिरण्यांच्या खात्यात 2006 च्या अखेरीस रोख आली, त्यांना ती त्या पडझडीच्या आधी मिळाली. निर्यात विकास संस्थेमार्फत कंपन्यांचे परताव्याचे हक्क विकत घेऊन पैसे लवकर देण्याची सोयही कॅनडा सरकारने केली होती. वेस्ट फ्रेझर या मोठ्या कॅनेडियन लाकूड कंपनीने 2007 मध्ये अमेरिकेच्या दक्षिणेतल्या 13 गिरण्या घेतल्या. पुढच्या मंदीत ज्या छोट्या गिरण्या तगल्या, त्यांच्यासाठी हातात आलेले 80 टक्के हे कागदावरच्या 100 टक्क्यांपेक्षा मोलाचे ठरले. आणि नव्या तक्रारीचं काय? घरं बांधणं थांबलेलं, भाव खर्चाखाली, अशा 2008-09 मध्ये अँटी-डंपिंगची नवी चौकशी झाली असती तर काय दर निघाला असता, याचा अंदाज 2023 च्या फेरतपासणीवरून करता येतो.

तडजोडीने आणलेली दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते: पैसा कुठे राहतो. करारात निर्यात शुल्काचा दर बाजारभावाला बांधला होता. हजार बोर्ड फुटांचा भाव 355 डॉलरच्या वर असेल तर शुल्क शून्य. तिथून खाली 5, मग 10, आणि 315 किंवा कमी असेल तर 15 टक्के. ज्या प्रांतांना कमी शुल्क हवं होतं त्यांनी निर्यातीच्या प्रमाणावर मर्यादा घेतली. ब्रिटिश कोलंबिया आणि अल्बर्टाने शुल्काचा पर्याय घेतला, क्वेबेक आणि ओंटारियोने मर्यादेचा. हे शुल्क कॅनडा गोळा करत होता आणि ते प्रांतांकडे परत जात होतं. ढोबळ हिशेब करून पाहा. 400 डॉलरच्या मालावर 45 टक्के आयात शुल्क म्हणजे 180 डॉलर, आणि ते वॉशिंग्टनला जातात. त्याच मालावर 15 टक्के निर्यात शुल्क लागलं असं धरलं, तर ते 60 डॉलर व्हिक्टोरियाला किंवा एडमंटनला, म्हणजे प्रांताच्या राजधानीत, राहतात, ज्यातून रस्ते, लागवड, बंद पडलेल्या गावांतल्या कामगारांचं प्रशिक्षण यांवर खर्च करता येतो. अमेरिकन गिरण्यांना दोन्ही रीतींनी हवं ते, म्हणजे महागलेलं कॅनेडियन लाकूड, मिळतं. म्हणून ते निर्यात शुल्काला तयार होऊ शकतात. ओझं टळणारच नसेल तर ते आपल्या तिजोरीकडे वळवणं यात मला कमीपणा वाटत नाही.

करारात भांडणं थांबली असं नाही. पण ती लंडनच्या लवादाकडे गेली. कॅनडा तिथे हरलाही: ओंटारियो आणि क्वेबेकच्या काही योजनांबद्दल त्याला भरपाई म्हणून वाढीव शुल्क लावावं लागलं. ब्रिटिश कोलंबियाच्या हलक्या प्रतीच्या ओंडक्यांबद्दलचा अमेरिकेचा मोठा दावा मात्र 2012 मध्ये पूर्ण फेटाळला गेला. महत्त्वाचं हे, की दावा चालू असताना अनामत द्यावी लागत नव्हती. हरलो तर किती द्यायचं हे निकालानंतर ठरत होतं, आधी नाही. ज्याने या धंद्याचा रोखीचा ताळेबंद सांभाळला आहे, त्याला या एका फरकाची किंमत कळते.

सात वर्षांचा तो करार 2012 मध्ये दोन वर्षांनी वाढवला गेला, ऑक्टोबर 2015 मध्ये संपला, आणि त्यानंतर एक वर्ष तक्रार न करण्याचं बंधन होतं. म्हणजे 2006 ते 2016, दहा वर्षं शांतता. 1 अब्ज डॉलरला दहा वर्षं. माझ्या मते तो सौदा वाईट नव्हता.

कोट्याबद्दल माझं मत वेगळं आहे, आणि ते ठाम आहे. 1996 च्या करारात चार प्रांतांना मिळून वर्षाला 14.7 अब्ज बोर्ड फूट मोकळे होते; त्यापुढे पहिल्या 65 कोटी बोर्ड फुटांवर हजारी 50 डॉलर आणि आणखी पुढे 100 डॉलर. कोटा कंपन्यांना जुन्या निर्यातीच्या प्रमाणात वाटला गेला. ज्याची गिरणी जुनी, त्याला तो आयता मिळाला. ज्याने नवी यंत्रं घालून गिरणी उभी केली, त्याला कोटा विकत घ्यावा लागला किंवा निर्यातच सोडावी लागली. लोक वाटा शोधू लागले. भिंतीच्या उभ्या दांड्यांना वायरींसाठी भोकं पाडून तो माल ‘सुतारकामाचा’ म्हणून कोट्याबाहेर जाऊ लागला, आणि 1998 मध्ये अमेरिकन कस्टम्सने त्याचं वर्गीकरण बदललं. त्यातून पुन्हा खटले. कोट्यात मागणी वाढली तरी चांगली गिरणी वाढू शकत नाही, आणि मागणी घटली तरी वाईट गिरणी मरत नाही. आज अमेरिकेतला उद्योग कोट्याचीच मागणी करतो. शुल्काच्या पायऱ्या मान्य कराव्यात, मर्यादा लागलीच तर ती अमेरिकन बाजारातल्या हिश्श्याच्या प्रमाणात घ्यावी, म्हणजे बाजार वाढला की तीही वाढते. पण बोर्ड फुटांत बांधलेला कोटा घेऊ नये.

तुमच्यासारख्या छोट्या कारखान्यांसाठी आणखी एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. स्वतःचं जंगल किंवा तोडीचा हक्क नसलेला, बाजारातून फळी विकत घेऊन तिच्यावर पुढचं काम करणारा कारखाना कुठल्याच अनुदानाचा धनी नसतो. तरी आयात शुल्क त्याच्या तयार मालाच्या पूर्ण किमतीवर लागतं, म्हणजे त्याच्या कामगारांच्या मजुरीवरही. 2006 च्या करारात अशा स्वतंत्र कारखान्यांचं निर्यात शुल्क पहिल्या गिरणीच्या भावावर मोजलं जात होतं. ही तरतूद पुढच्या कुठल्याही मसुद्यात राहिलीच पाहिजे, आणि तिच्यासाठी आवाज छोट्यांनीच उठवायला हवा. मोठ्यांचं गणित वेगळं आहे. कॅनफोर, वेस्ट फ्रेझर, इंटरफोर यांच्या अमेरिकेतही गिरण्या आहेत. कॅनेडियन लाकूड महागलं की त्यांच्या तिकडच्या गिरण्यांचा भाव वाढतो. त्यांना तडजोडीची घाई नसते असं मी म्हणत नाही, पण त्यांची घाई आणि ब्रिटिश कोलंबियातल्या व्हँडरहूफ गावच्या गिरणी कामगाराची घाई सारखी नाही. तिथली आणि फोर्ट सेंट जॉनची गिरणी बंद करत असल्याचं कॅनफोरने 2024 मध्ये जाहीर केलं.

आणि एक तिसरा पक्ष आहे, ज्याला टेबलावर कधीच खुर्ची मिळत नाही: अमेरिकेत घर बांधणारा. अमेरिकेत वापरल्या जाणाऱ्या सॉफ्टवुडचा साधारण चौथा हिस्सा कॅनडातून येतो. तिथली घरबांधणी करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना वर्षानुवर्षं या शुल्काविरुद्ध बोलते आहे. खरं सांगायचं तर आजवरच्या प्रत्येक समझोत्याचं बिल थोडंफार त्यांनी भरलं आहे. निर्यातदार म्हणून मी तडजोडीच्या बाजूने आहे, पण तिचा हा भाग लपवणं मला योग्य वाटत नाही.

मग आज काय करावं? 14 ऑक्टोबर 2025 पासून अमेरिकेने आपल्या व्यापार कायद्याच्या कलम 232 खाली, राष्ट्रीय सुरक्षेच्या कारणाने, आयात सॉफ्टवुडवर 10 टक्के शुल्क लावलं. ते जुन्या 35 टक्क्यांच्या वर आहे. इथे खेळाचे नियम बदलतात. 2006 मध्ये तक्रारदार उद्योगाने तक्रार मागे घेतली, वाणिज्य खात्याने आदेश रद्द केले, की शांतता झाली. आज तक्रारदारांनी सगळं मागे घेतलं तरी 232 चं शुल्क उभं राहील, आणि ते वाढवायला कुठली फेरतपासणी लागत नाही, राष्ट्राध्यक्षांची एक सही पुरते. ऑक्टोबर 2025 मध्ये ओंटारियो सरकारच्या एका दूरचित्रवाणी जाहिरातीवरून राष्ट्राध्यक्षांनी कॅनडाबरोबरच्या व्यापारी वाटाघाटी थांबवल्या होत्या. लाकडाचा त्या जाहिरातीशी काही संबंध नव्हता. म्हणून आजच्या तडजोडीत 232 मधून सूट करार चालू असेपर्यंत लेखी मिळत नसेल, तर कॅनडाने सही करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. नाहीतर आपण अनामतीतला हिस्सा सोडू, निर्यात शुल्क लावू, आणि वर 10 टक्के, किंवा त्या दिवशी जे असेल ते, भरत राहू.

तोवर खटले चालू ठेवावेत का? नक्कीच. जागतिक व्यापार संघटनेकडून फार आशा ठेवू नये: ऑगस्ट 2020 मध्ये तिथल्या पॅनेलने बहुतांश मुद्द्यांवर कॅनडाच्या बाजूने निकाल दिला, अमेरिकेने अपील केलं, आणि अपील ऐकणारं मंडळच 2019 च्या डिसेंबरपासून बंद असल्यामुळे तो निकाल लोंबकळत राहिला. पण उत्तर अमेरिकेच्या नव्या करारातही द्विराष्ट्रीय पॅनेलं शिल्लक आहेत, आणि अमेरिकन न्यायालयंही आहेत. तिथे हिशेबाच्या पद्धतींवर मिळालेला प्रत्येक छोटा विजय वाटाघाटीत टेबलावर ठेवता येतो. अनामत अडकलेली आहे, ती परत जाण्याची शक्यता खरी आहे, एवढीच गोष्ट समोरच्या बाजूला बसवते. 2006 मध्ये 80 टक्के मिळाले ते 2004 आणि 2005 मधल्या निकालांमुळे. खटले सोडून दिले असते तर कशाच्या बदल्यात मिळाले असते?

दुसरा बाजार शोधा, हा सल्लाही वारंवार दिला जातो. ऑगस्ट 2025 मध्ये कॅनडा सरकारने जाहीर केलेल्या 1.2 अब्ज कॅनेडियन डॉलरच्या मदतीत 70 कोटींच्या कर्जहम्या होत्या, आणि उरलेल्या रकमेत नव्या वस्तू नि नव्या बाजारांचा समावेश होता. प्रयत्न योग्यच. ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारी संस्थेचं कार्यालय मुंबईत आहे आणि हेमलॉक, डग्लस फर यांचा प्रसार ते कित्येक वर्षं करत आलं आहे. पण आपल्याकडे घराची भिंत लाकडाची नसते. लाकूड लागतं ते दारं, चौकटी, फर्निचर यांना, आणि त्यातलं बरंचसं स्वस्त लाकूड न्यूझीलंडहून कांडल्याला उतरतं. लाकडी सांगाड्यांची लाखो घरं दरवर्षी बांधणाऱ्या शेजाऱ्याची जागा भारत घेऊ शकणार नाही. जपान आणि चीन मिळूनही ती भरत नाही. दुसऱ्या बाजारांमुळे वाटाघाटीत कणा ताठ राहतो, इतकाच त्यांचा उपयोग आज धरावा.

आणखी एका गोष्टीबद्दल स्वच्छ बोललं पाहिजे. ब्रिटिश कोलंबियातल्या सगळ्या बंद गिरण्यांचा दोष ड्यूटीवर टाकता येत नाही. पाइन बीटल या किड्याने 1.8 कोटी हेक्टरांहून जास्त जंगलावर परिणाम केला, 2017 पासून मोठे वणवे लागत आहेत, आणि तोडीसाठी मिळणारं लाकूड कमी झालं आहे. उद्या ड्यूटी शून्य झाली तरी काही गिरण्यांना ओंडके मिळणार नाहीत. तडजोडीकडून ती अपेक्षा ठेवली, तर चांगला करारही फसला असं वाटेल.

आता तुमच्या कारखान्यापुरतं. तडजोड झाली किंवा खटला जिंकला, तरी परतावा त्यालाच मिळतो, जो अमेरिकन कस्टम्सच्या कागदावर आयातदार म्हणून नोंदलेला आहे. तुम्ही भाव कमी करून अनामतीचा भार सोसला असेल, पण नोंदलेला आयातदार तुमचा अमेरिकन ग्राहक असेल, तर कायद्याने पैसे त्याच्याकडे जातील. 2017 पासूनच्या प्रत्येक पाठवणीची नोंद काढा: आयातदार कोण, अनामत कोणी भरली, त्या वेळी दर काय होता, आणि विक्रीच्या करारात परताव्याबद्दल काय लिहिलं आहे. जिथे काहीच लिहिलेलं नाही, तिथे ग्राहकाकडून आजच लेखी घ्या. परताव्याची बातमी आल्यानंतर कोणी सही करून देत नाही. आणि परताव्याचे हक्क सवलतीत विकण्याचा प्रस्ताव आला, तर मालकांना आधी सहाव्या फेरतपासणीतलं 2023 चं वाढीव देणं वजा करून पाहायला सांगा. पुष्कळ कारखान्यांच्या वहीत ‘येणे’ म्हणून लिहिलेली रक्कम त्यानंतर बरीच लहान होते.